कोपऱ्यातला गडी

वडील भावाला डोळ्याच्या उपचाराचे निमित्त सांगून घरी बोलावून घ्यावे आणि मनात मात्र त्याच्या सहीचा हेतू धरावा, ही गोष्ट काही भूषणावह नव्हे. तरी ती माझ्या हातून घडली आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. एकदा कबुली देऊन मोकळे झाले, म्हणजे पुढची हकीकत सांगताना जीभ अडखळत नाही.

२०२४ सालच्या डिसेंबरात आमचे अण्णा झरीहून पुण्यास आले. झरी हे परभणी तालुक्यातले, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. जमीन काळी, खोल आणि हट्टी. पावसाळ्यात धरलेला पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळून आ वासते. त्या जमिनीतले अकरा एकर वडिलांनी आम्हां दोघा भावांच्या हवाली केले, आणि गेली चाळीस-बेचाळीस वर्षे एकटे अण्णाच ते कसत आले. मी पुण्यास नोकरी केली, घर बांधले, मुलांची शिक्षणे केली, आणि दरवर्षी सुगी संपली की झरीहून येणारी ज्वारीची व तुरीची पोती आपला हक्क म्हणून उतरवून घेत गेलो. अलीकडे रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला. एका गृहस्थांनी माझ्या वाट्याच्या साडेपाच एकरांना असा आकडा सांगितला, की त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. रस्त्यालगतचा भाग माझा आणि विहीरही त्याच भागात, ही वाटणी वडिलांनी तोंडी करून दिलेली. परंतु सातबारावर नावे दोघांची, सामाईक. सबब अण्णांची संमती हवी. तिचा मसुदा वकिलाकडून करवून घेऊन मी टेबलाच्या खणात ठेवला, आणि अण्णांना फोन केला, "डोळा दाखवायला इकडे या. इथे चांगली सोय आहे."

डोळ्याचे काम उत्तम झाले. पट्टी निघाली, काळा चष्मा आला. अण्णा रोज सकाळी गच्चीत बसून पुण्याच्या इमारतींकडे एका नव्या डोळ्याने पाहत आणि दुसऱ्या जुन्या डोळ्याने त्यांची शहानिशा करीत. मी दोन-तीनदा खणाला हात घातला. पण नेमके त्याच वेळी अण्णांनी झरीचे काहीतरी काढावे. या वर्षी विहिरीला पाणी टिकले आहे, हरभऱ्याला दुसरे पाणी देता येईल, वहिनींना गडी वेळेवर मिळाला असेल की नाही कोण जाणे! मी खण पुन्हा लोटून देई.

अशा स्थितीत आमच्या चिरंजीवांनी २९ डिसेंबरची तीन तिकिटे आणली. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात कबड्डीच्या व्यावसायिक साखळीचा अंतिम सामना व्हायचा होता. एका बाजूस पाटण्याचा संघ, दुसऱ्या बाजूस हरियाणाचा. चिरंजीवांचा पक्ष पाटण्याचा, आणि त्याचे कारण एकच : देवांक नावाचा उंचापुरा चढाईपटू. त्या मोसमात त्याच्या एकट्याच्या नावावर जवळजवळ तीनशे गुण जमा झाले होते. जेवताना चिरंजीव म्हणाले,

"अण्णाकाका, सबंध मोसमभर ज्याला कोणी आवरू शकले नाही, त्याला एका रात्रीत कोण धरणार?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "धरणारे धरतेत की," ते म्हणाले.

"पण कसे?"

"ते धरल्यावर कळतं."

या उत्तराने चिरंजीवांचे समाधान झाले नाही. मला मात्र ते ऐकून पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. ती सांगितल्यावाचून अण्णांच्या उत्तराचा अर्थ लागणार नाही.

आमच्या लहानपणी झरीत या खेळाला म्हातारी माणसे हुतूतूच म्हणत. कबड्डी हे नाव शाळेतल्या मास्तरांचे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम बांधून सामने भरविले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन हा खेळ दाखविला, ही हकीकत मास्तर आम्हांला मोठ्या अभिमानाने सांगत. आम्हांला बर्लिनशी काही कर्तव्य नव्हते. मारुतीच्या देवळामागचे पटांगण, त्यावर ओढलेल्या राखेच्या रेघा आणि सूर्य मावळेपर्यंतचा वेळ, एवढे आम्हांला पुरेसे होते.

त्या पटांगणावर मी चढाई करी आणि अण्णा डाव्या कोपऱ्यात उभे राहत. हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. स्वभावानेच ते ठरले. चढाई करणाराचे काम लोकांच्या डोळ्यांत भरणारे असते. सात गड्यांच्या घरात एकट्याने शिरायचे, एका दमात एखाद्याला शिवायचे आणि दम सुटायच्या आत मधली रेघ गाठायची. तो परत आला की गाव ओरडते, पोरे शिट्ट्या मारतात. कोपऱ्यातल्या गड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो शिवला गेला तर चुकला. शिवला गेला नाही, तर त्याने काही केलेच नाही! दहा चढायांपैकी नवांत त्याच्या वाट्याला केवळ उभे राहणे येते, आणि दहाव्या चढाईत अर्ध्या निमिषात घोटा धरायचा असतो. माझ्या शर्टाला मास्तरांनी लावलेली बिल्ले होती. अण्णांच्या गुडघ्यांना खपल्या होत्या.

१९७९ च्या हिवाळ्यात तालुक्याच्या बाजूचा एक नामांकित संघ आमच्याकडे खेळावयास आला. त्यात एक चढाईपटू असा होता, की त्या हिवाळ्यात त्याला कोणत्याच गावाने धरले नव्हते म्हणत. लांब हात, वाऱ्यासारखे पाय, आणि दम तर असा, की पाहणाराचा जीव घाबरा व्हावा. तीस सेकंदांचे घड्याळ तेव्हा आमच्या पटांगणावर नव्हते. माणसाचा श्वास हेच घड्याळ! पहिल्या डावात त्याने आमचे घर दोनदा रिकामे केले. गावातले जाणते लोक अण्णांना ओरडून सांगत होते, "अरे, अंगावर जा! धर त्याला!" अण्णा जात नव्हते. उलट तो आत आला, की ते एक पाऊल मागे सरकत आणि उजवा पाय किंचित पुढे ठेवत. जणू शीव म्हणून त्याला निमंत्रणच देत. मला त्यांचा संताप आला. वडील भाऊ भ्याला, असे मला वाटले, आणि सोळा वर्षांच्या मुलाला याहून मोठी नामुष्की कोणती?

दुसऱ्या डावात मात्र त्या गड्याला अण्णांनी तीनदा धरले. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी, एकाच क्षणी : तो वळला त्या क्षणी. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना याचे मर्म विचारले, तेव्हा ते म्हणाले, "परतायच्या आधी माणसाचा सूर चढतो. त्याला घर आठवतं. पहिला डावभर मी त्याचा सूरच ऐकला."

तीनदा पकड होऊनही तो सामना आम्ही हरलो, आणि तो अण्णांमुळे हरलो नाही, माझ्यामुळे हरलो. अखेरच्या चढाईत मी एका गड्याला शिवलो होतो. तेवढ्याने बरोबरी होत होती, आणि मधली रेघ दोन पावलांवर होती. पण गाव ओरडत होते, आणि मला दुसरा गडीही हवासा वाटला. मी पुन्हा आत वळलो आणि त्यांच्या साखळीत सापडलो. त्या रात्री घरी जेवताना वडील पुष्कळ बोलले. अण्णा एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या खरचटलेल्या कोपराला हळद लावून देऊन ते गोठ्यात निजावयास गेले.

दुबळ्या दिसणाऱ्या बचावाने बळकट आक्रमण आवरता येते काय, हा प्रश्न खेळाच्या मैदानापुरता घेतला, तर इतिहासाने त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले आहे. मनप्रीत सिंग नावाच्या एकाच गृहस्थाच्या वाट्याला तर ती दोन्ही उत्तरे आली. २०१६ च्या मार्चमध्ये पाटण्याने मुंबईच्या संघाला ३१-२८ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा हे पाटण्याचे कर्णधार होते. पुढच्या वर्षी ते गुजरातच्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाची सारी कीर्ती बचावाची. दोन कोपऱ्यांत दोन इराणी गडी, फझल अत्राचली आणि अबुझर मिघानी, अगदी दगडी बुरुजांसारखे उभे. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी चेन्नईत अंतिम सामना झाला तो नेमका पाटण्याशीच, आणि पाटण्याकडे होता परदीप नरवाल. याने त्या मोसमात चढायांचे ३६९ गुण मिळविले. अंतिम सामन्याच्या काही दिवस आधी हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३४ गुण, आणि त्यातही एका चढाईत सहा गडी, असा पराक्रम त्याने केला होता. चेन्नईत आरंभी गुजरातने आघाडी घेतली. बुरूज टिकणार असे वाटले. शेवटी पाटणे ५५-३८ असे जिंकले.

परदीपची करामत तिला 'डुबकी' म्हणतात त्या डावात होती. बचावाचे गडी हातात हात घालून साखळी करतात आणि ती साखळी पाखरावर जाळे टाकावे तशी चढाईपटूवर टाकतात. साखळी जितकी घट्ट, तितका तिच्याखालचा बोगदा निश्चित. परदीप वाकून त्या हातांखालून बुडी मारी आणि पलीकडे निघे. म्हणजे ज्या घट्टपणावर बचावाची भिस्त, त्यातूनच आक्रमणाला वाट मिळाली. संसारातही असे पुष्कळदा पाहावयास मिळते. फार कडेकोट घरांतून मुले हमखास पळतात.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच सबळ आहे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत हा खेळ आला, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके हिंदुस्थानने घेतली. २०१८ साली जाकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरविले. आपले नावाजलेले चढाईपटू मैदानावर होते, आणि सर्वांनी मिळून संघाचे गुण झाले अठरा! आपण त्यांना खेळ शिकविला आणि त्यांनी आपल्याला धीर शिकविला, एवढाच त्याचा अर्थ.

फुटबॉलचे शौकीन वाचक येथे १९५४ चा दाखला देतील. हंगेरीच्या संघाने त्या वर्षीच्या विश्वचषकात अंतिम सामन्याआधीच्या चार सामन्यांत पंचवीस गोल केले होते, आणि त्यांपैकी आठ गोल पश्चिम जर्मनीवर, ८-३ असे. अंतिम सामना पुन्हा याच दोघांत बर्न येथे झाला. आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. तरी सामना जर्मनीने ३-२ असा जिंकला. आधीच्या सामन्यात जर्मन प्रशिक्षकाने आपले कित्येक मुख्य गडी मुद्दाम बसवून ठेवले होते, ही गोष्ट मी वाचली, तेव्हा मला अण्णांचे मागे सरकलेले पाऊल आठवले. अर्थात जर्मनीने तीन गोल केले नसते, तर त्या धोरणाला कोणी धोरण म्हटले नसते, हेही खरे. नुसत्या बचावाने सामना बरोबरीत सुटेल; जिंकावयास समोरच्या घरी केव्हातरी जावेच लागते.

कबड्डीत मात्र एक विशेष आहे, आणि त्यामुळे हा प्रश्न फुटबॉलपेक्षा येथे अधिक गहन होतो. फुटबॉलमध्ये गोल चुकलेला गडी दुसऱ्या क्षणी पुन्हा गोल करावयास मोकळा असतो. कबड्डीत पकडलेला गडी बाद होऊन बाहेर बसतो, आणि त्याच्या सोबत्यांनी गुण मिळविल्याखेरीज त्याला पुन्हा जीव येत नाही. तीनशे गुण करणारा गडी बाहेर बसला, की तेवढा वेळ त्याचे गुण शून्य! म्हणून थोर चढाईपटूला आवरणे याचा अर्थ त्याला दर वेळी धरणे नव्हे. त्याला एकदा धरायचे, आणि मग त्याच्या साध्या, अप्रसिद्ध सोबत्यांना गुण मिळू द्यायचे नाहीत. हे दुसरे काम पहिल्याहून कठीण असते आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. मोठा शत्रू आला, की सगळेच सावध असतात. तो गेल्यावर किरकोळ माणसांपुढे सावध राहणे, हा खरा पहारा.

२९ डिसेंबरच्या त्या रात्री हरियाणाने हेच केले. आणि मौज पाहा, हरियाणाचे प्रशिक्षक होते तेच मनप्रीत सिंग! सात वर्षांपूर्वी पाटण्याच्याच चढाईपटूने त्यांच्या बचावाची वाताहत केली होती, आणि आता पुन्हा पाटणे, पुन्हा मोसमाचा सर्वोत्तम चढाईपटू, पुन्हा अंतिम सामना. डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरझा शाद्लू हा इराणी जवान, उजव्या कोपऱ्यात राहुल सेतपाल, मध्ये कर्णधार जयदीप. आम्ही तिघे बरेच वर बसलो होतो. अण्णांना प्रथम त्या रबरी मॅटचे आणि पायांतल्या बुटांचे नवल वाटले. "पडलं तरी खरचटत नसंल," ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात थोडी कीव होती.

देवांक चढाईला निघाला, की सारे प्रेक्षागृह त्याच्याकडे पाही. अण्णा मात्र काळ्या चष्म्याआडून कोपऱ्याकडे पाहत. काहीच न घडता चढाई रिकामी गेली, की सभोवार निराशेचा सुस्कारा उठे आणि तेवढ्यात अण्णा एकटेच टाळी वाजवीत. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी दोनदा मागे वळून पाहिले.

"काका, गुण कुठे मिळाला?" चिरंजीवांनी विचारले.

"त्यालाबी मिळाला नाही, ते बघ की," अण्णा म्हणाले.

सामना काही थरारक झाला नाही. चांगला बचाव सामन्याला थरारक होऊच देत नाही. त्यामुळे पैसे देऊन आलेल्या लोकांची थोडी फसवणूक होते, हे कबूल केले पाहिजे. पाटण्याला अख्ख्या सामन्यात २३ गुण मिळाले. मोसमात ३०१ गुण करणाऱ्या देवांकला त्या रात्री दोन आकडी संख्याही गाठता आली नाही. हरियाणाकडून शिवम पटारे या मराठी आडनावाच्या तरुणाने चढाया चांगल्या केल्या, शाद्लूने पकडी केल्या, आणि ३२-२३ असा निकाल लागून हरियाणा प्रथमच विजेता झाला. परतताना गाडीत चिरंजीव हिरमुसले होते. मी त्यांची समजूत घालीत होतो, की देवांकचा दिवस वाईट होता. मागच्या आसनावरून अण्णा म्हणाले, "दिवस वाईट नव्हता. सहा-सात जणांनी मिळून तो वाईट केला."

घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सगळे निजले. मला झोप येईना. अण्णा दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या गाडीने परभणीस निघणार होते. आता नाही तर केव्हा, असा विचार करून मी त्यांच्या खोलीत गेलो. तेही जागेच होते. मी विषय काढला. प्रथम जमिनीचे भाव, मग मुलीच्या शिक्षणाचा खर्च, मग आपल्या दोघांची वये, असा मी हळूहळू आत शिरत गेलो. अण्णा ऐकत होते. कोठे अडवले नाही, कोठे प्रश्न विचारला नाही. त्यांच्या त्या मौनामुळे मी अधिकच बोलू लागलो. माझा वाटा विकला तरी त्यांच्या वाट्याला धक्का लागणार नाही, हे सांगताना माझा आवाज थोडा मोठा झाला, असे मला स्वतःलाच जाणवले.

"कागद केलास का?" अण्णांनी शांतपणे विचारले.

मी खणातून मसुदा आणला. त्यांनी काळा चष्मा काढून वाचावयाचा चष्मा लावला, नव्या डोळ्याने तो कागद शेवटपर्यंत वाचला, आणि पेन मागितले. मला हे अपेक्षित नव्हते. नकार आला असता, तर त्याची उत्तरे माझ्याजवळ तयार होती. ती महिनाभर मी घोकली होती. आक्षेप आले असते, तर प्रत्येक आक्षेपामागे माझ्याजवळ एक आकडा होता. पण अण्णांनी दोन्ही पानांवर सही केली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुझा वाटा तुझाच आहे. वडिलांनी दिलेला. मी नाही कशाला म्हणू? फक्त विहीर तिकडं जाते, तेवढं ध्यानात असू दे. ते लोक ती बुजवतील. तुरीला पाणी लागत नाही, तिचं चालंल. हरभरा अन् ज्वारी काय म्हणते ते बघू." थोडे थांबून ते म्हणाले, "बहात्तर सालची विहीर ती. तुला आठवत नसंल, तू लहान होतास."

मला आठवत होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. १९७२ च्या दुष्काळात वडील आणि आई खडी फोडावयास जात. सरकारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्ली आहे. त्याच उन्हाळ्यात, कामावरून परत आल्यावर, वडील रात्री कंदिलाच्या उजेडात आमच्या रानात विहीर खणीत. पाटीने माती वर ओढण्याचे काम अण्णांचे होते, वय वर्षे चौदा. मी काठावर बसून कंदील धरी आणि बसल्या बसल्या झोपी जाई. हे सगळे मला ठाऊक होते. वकिलाच्या मसुद्यात मात्र 'विहिरीसह' असा एकच शब्द होता, आणि तो वाचताना मला काहीच आठवले नव्हते.

"आणखी एक विचारू का?" मी म्हणालो. "मी कशासाठी बोलावले, हे तुम्हांला आधी कळले होते काय?"

"फोनवर डोळ्याचं बोलत होतास, तवाच सूर चढला होता," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

अण्णांच्या मनात काही डाव होता, असे मला वाटत नाही. ते डाव टाकणारे गृहस्थ नव्हेत. सही खरी होती, मनापासून होती, आणि मी दुसऱ्या दिवशी खरेदीखत केले असते, तरी सुगीनंतर पोती आलीच असती; कदाचित थोडी हलकी. पण मी तो कागद घेऊन माझ्या खोलीकडे निघालो, तेव्हा त्या दहा-बारा पावलांत मला पटांगणावरची मधली रेघ आठवली. आत तर मी शिरलो होतो. मला कोणी अडविले नव्हते. हवे ते हाताला लागलेही होते. फक्त आता परत फिरायचे होते, आणि घोट्याला कोणाचा तरी हात लागला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. त्या गृहस्थांचे फोन आरंभी येत, मग विरळ झाले, आता येत नाहीत. पत्नीने एकदोनदा विचारले, मी 'पाहू' म्हणालो. तिला 'पाहू' या शब्दाचा अर्थ माझ्याहून चांगला कळतो. कागद त्याच खणात आहे, दोन्ही पानांवर अण्णांची सही असलेला. तो मी फाडला नाही. फाडला असता, तर मी मोठा त्याग केला असे मला वाटले असते, आणि तसे वाटणे मला परवडणारे नाही. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज मी काढले आहे, आणि त्याचे हप्ते जड जातात. आकडा आठवला, की अजूनही एखाद्या रात्री झोप उडते.

फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. त्या सुमारास मी चार दिवस झरीला गेलो होतो. ज्वारी कणसात आली होती. संध्याकाळी देवळामागच्या पटांगणावर पोरे खेळत होती. रेघा अजून राखेच्याच होत्या. एक काटकुळा मुलगा चढाईला येई आणि दर वेळी कोणाला तरी शिवून जाई. काठावर बसलेली मंडळी त्याचे कौतुक करीत होती. मीही करीत होतो. थोड्या वेळाने माझे लक्ष डाव्या कोपऱ्याकडे गेले. तिथे एक जरासा जाड, घामेजलेला पोरगा एक पाऊल मागे सरकून, मान थोडी कलती करून, अगदी लक्ष देऊन काहीतरी ऐकत होता.